दर्याच्या बाजूचा मिनार

कोकणातल्या आमच्या मोहल्ल्यात 'बत्ती' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. एक घरातली बत्ती, जी मगरिबच्या अजानबरोबर लागते. दुसरी दर्यावरची बत्ती. जयगडची बत्ती, टोळकेश्वरची बत्ती, मुंबईची प्राँगची बत्ती. 'दीपगृह' हा शब्द आम्ही शाळेत गेल्यावर शिकलो, आणि तो शिकेपर्यंत या बत्त्यांची नावे आम्हांला नातेवाइकांच्या नावांसारखी पाठ झाली होती. घरातले पुरुष जहाजावर असत. ते कुठल्या बंदरातून निघाले आणि कुठल्या बंदरात लागले याचा हिशेब बायका ठेवत, आणि त्या हिशेबात गावांपेक्षा बत्त्यांचीच नावे जास्त असत.

आमच्या घराण्यात दोन पिढ्या आगबोटीवर गेल्या. आमचे नाना डेकवर खलाशी म्हणून लागले आणि सारंग होऊन उतरले. त्यांना नकाशा वाचता येत नव्हता. ते काम वरच्या साहेबाचे. पण रात्रीच्या पहाऱ्यावर पहिला उजेड दिसला की तो कुठला हे ते साहेबाच्या आधी सांगत, असे त्यांच्याबरोबरचे लोक आम्हांला सांगायचे. यात जादू काही नव्हती, मोजणी होती. दीपगृहाचा उजेड सलग नसतो. तो ठरलेल्या अंतराने लखलखतो. एखादी बत्ती दर दहा सेकंदांनी एकदा, दुसरी दोनदा लखलखून थांबणार, तिसरी काही सेकंद लागलेली आणि काही सेकंद विझलेली. किनाऱ्यावरच्या शेजारच्या दोन बत्त्यांची चाल सारखी ठेवत नाहीत. म्हणून उजेड नुसता पाहून भागत नाही, दोन उजेडांमधला अंधार मोजावा लागतो. नाना तो बोटांच्या पेरांवर मोजत, जशी तसबी मोजावी तशी. म्हातारपणी ओटीवर बसून समोरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा दिवा झाडाआडून लपत-दिसत गेला, तरी त्यांची बोटे आपोआप हलू लागत.

दर्यावर आमच्या तोंडी जे शब्द आहेत ते ऐकले तर इतिहासाचे पुस्तक उघडायची गरज राहत नाही. 'बंदर' फारसी. 'नाखवा' म्हणजे फारसीतला नाखुदा, नावेचा धनी. 'सारंग' फारसी सरहंगपासून आला. 'खलाशी' अरबी वळणाचा. आणि या सगळ्यांत आम्हांला आवडतो तो शब्द 'मालम'. जहाजाची वाट ठरवणारा माणूस तो मालम. मूळ अरबी शब्द मुअल्लिम, म्हणजे शिकवणारा. मदरशातला उस्ताद आणि जहाजावरचा वाटाड्या यांना अरबांनी एकच नाव दिले. हे शब्द आज कोळी, खारवी, गाबीत, भंडारी, दालदी सगळ्यांचेच आहेत. नाखवा हे हिंदूंचे आडनावही आहे. दर्यावर शब्द वाटून घेतलेले असतात, त्यांची वाटणी झालेली नसते.

पंधराव्या शतकातला अहमद इब्न माजिद हा असाच एक मुअल्लिम. अरबी आखातावरच्या जुल्फारचा. त्याने १४९०च्या सुमारास दर्याच्या विद्येवर मोठा ग्रंथ लिहिला. १४९८ साली वास्को द गामाला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून कालिकतला आणणारा वाटाड्या हाच, असा समज पुष्कळ वर्षे चालत आला. आजचे बहुतेक अभ्यासक तो मानत नाहीत. इब्न माजिदच्या काळी अरबी समुद्रात वाट शोधायचे साधन होते 'कमाल'. एक लहानशी लाकडी फळी आणि तिच्या मधोमध ओवलेली गाठींची दोरी. दोरी दातांत धरून फळी पुढे न्यायची, खालची कड क्षितिजाला आणि वरची कड ध्रुव ताऱ्याला लावायची. कितव्या गाठीला ती बसते त्यावरून आपण किती उत्तरेला आहोत ते कळते. ताऱ्याची उंची बोटांत मोजत, आणि प्रत्येक बंदराची बोटे मालमला ठाऊक असत. जमिनीवरच्या आणि दर्यावरच्या अंधारात वाट सापडावी म्हणून तारे आहेत, हे कुराण शरीफमध्ये आले आहे, आणि आमच्याकडच्या खलाशांना त्याचा अर्थ मौलवींनी वेगळा समजावून द्यावा लागला नसेल.

पण तारा तुम्हांला बंदरापर्यंत आणतो, बंदराच्या आत नेत नाही. जहाज भर समुद्रात सहसा बुडत नाही. धोका असतो तो किनारा जवळ आल्यावर. खडक, वाळूचे दांडे, उथळ पाणी, भरती-ओहोटीची ओढ, सगळे दाराशीच वाट पाहत असते. म्हणून बंदराच्या तोंडाशी दिवा लावायची रीत फार जुनी आहे. इजिप्तमधल्या इस्कंदरियाच्या बंदरावर इसवी सनापूर्वी २८०च्या सुमारास शंभर मीटरहून उंच असा दगडी मनोरा उभा राहिला आणि भूकंपांचे धक्के खात हजार वर्षांहून अधिक काळ टिकला. इब्न बतूता १३२६ साली तेथे गेला तेव्हा त्याची एक बाजू ढासळली होती. १३४९ साली परतीच्या वाटेवर त्याने पुन्हा पाहिला तेव्हा आत शिरायलाही वाट उरली नव्हती. पुढे त्याच जागी सुलतान कायतबेने किल्ला बांधला. अरबीत अशा मनोऱ्याला मनार म्हणतात, उजेडाची जागा. आपला मशिदीचा मिनार हा याच शब्दाचा भाऊ. याची आठवण ठेवा, पुढे तिचे काम आहे.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. बाहेरून येणाऱ्या जहाजाला दक्षिणेकडून आधी खांदेरीची बत्ती दिसते. खांदेरीचे बेट १६७९ साली शिवाजी महाराजांनी बांधायला घेतले तेव्हा इंग्रजांनी आरमार पाठवून ते अडवायचा प्रयत्न केला, आणि त्या लढाईत मराठी आरमाराचा सरदार होता दौलतखान. पुढच्याच वर्षी समोरच्या उंदेरीवर जंजिऱ्याच्या सिद्दीने ठाण मांडले. म्हणजे त्या अरुंद पाण्यात दोन्ही बाजूंना मुसलमान होते, आणि दोन्ही बाजूंना जो तो आपापल्या धन्याच्या मिठाला जागत होता. हे आम्ही अभिमानाने किंवा खंतीने सांगत नाही; असे होते म्हणून सांगतो. बेटावर १८६७ साली दीपगृह उभे राहिले. १९९८पासून बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे. तेथे वेताळाचे ठाणे आहे तसा दाऊद पीराचा दर्गाही आहे.

खांदेरी मागे पडली की कुलाब्याच्या टोकापुढच्या खडकांवर प्राँगचे दीपगृह. १८७५ साली थॉमस ऑर्मिस्टन या इंजिनियराच्या देखरेखीखाली ते बांधले गेले. ओहोटीला तेथपर्यंत खडकांवरून चालत जाता येते, भरतीला त्याच खडकांवर पाणी असते आणि वरून काहीच कळत नाही. दिवा नेमका अशाच जागी हवा असतो. आत शिरल्यावर डॉल्फिन खडकाची बत्ती, १८५६ सालची, आणि 'संक रॉक', म्हणजे बुडालेल्या खडकाची बत्ती, १८८४ सालची. नाना म्हणत, मुंबईत घुसायचे म्हणजे अनोळखी घरात अंधारात शिरण्यासारखे आहे. खांब कुठे आहेत ते दिव्यांनी आधी सांगितले तरच डोके शाबूत राहते.

या दिव्यांची ताकद ज्योतीत नव्हती, काचेत होती. ऑगस्टिन फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने एक सबंध जाड भिंग घेण्याऐवजी काचेची कडी कडी करून ती दिव्याभोवती रचली. १८२३ साली फ्रान्समधल्या कोर्दुआँच्या दीपगृहात ती पहिल्यांदा लागली. वर आणि खाली वाया जाणारा उजेड ही कडी वळवून आडवा पाठवतात, आणि मग घासलेटच्या दिव्याचा किरणही कित्येक मैल जातो. कित्येक दीपगृहांत ती टनावारी काच पाऱ्याच्या हौदावर तरंगत ठेवलेली असे. बोटाने ढकलली तरी फिरावी इतकी हलकी. फिरवायला घड्याळासारखे यंत्र असे आणि ठराविक वेळाने त्याचे वजन वर ओढायला माणूस जागा असावा लागे.

दीपगृहापासून धक्क्यापर्यंतची वाट बोये दाखवतात. त्यांचा कायदा सोपा आहे. बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला, हिरवा उजव्या हाताला. निघताना उलट. काळ्या पट्ट्यांमध्ये लाल पट्टा आणि माथ्यावर दोन काळे गोळे असतील तर तेथे एकटा खडक आहे, लांबून जा. लाल-पांढरे उभे पट्टे असतील तर भोवती पाणी मोकळे आहे. पूर्वी देशोदेशी वेगवेगळ्या रीती होत्या. १९८० साली त्यांची संख्या दोनवर आली, आणि ते दोन गट अजून आहेत. अमेरिका खंड, जपान, कोरिया, फिलिपाईन्स येथे लाल बोया उजव्या हाताला धरायचा. आमचे मामू नंतरच्या काळात अमेरिकेच्या किनाऱ्याला जाऊन आले तेव्हा म्हणाले होते, "तिकडे सगळा डावा-उजवा उलटाच हाय." दर्यावर कुठला रंग कुठल्या हाताला हे शेवटी माणसांनी एकमेकांना दिलेले वचन असते. वचन ठाऊक नसेल तर दिवा असून उपयोग नाही.

आणि दिवा असून माणूस वाचतोच असेही नाही. १७ जुलै १९४७ची रामदास बोट कोकणात कोण विसरेल? भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसला निघालेली ती आगबोट काश्याच्या खडकाच्या आसपास वादळी लाटांत कलंडली. सहाशेहून अधिक माणसे गेली. दिवसाढवळ्या गेली. मुंबईला खबर लागली ती वाचलेली माणसे किनाऱ्याला लागल्यावर, काही तासांनी. प्राँगची बत्ती तेथून फार दूर नव्हती. ७ ऑगस्ट २०१०च्या सकाळी एमएससी चित्रा आणि खलिजिया ही दोन मोठी जहाजे मुंबई बंदराच्या तोंडाशी एकमेकांवर आदळली, तेव्हाही ऊन होते, बोये होते, रेडिओ होता. कंटेनर पाण्यात पडले, तेल किनाऱ्यांवर पसरले आणि काही दिवस बंदराची वाट बंद राहिली. दिवा फक्त एवढेच सांगतो की तू कुठे आहेस. पुढे काय करायचे ते जहाजावरच्याने ठरवायचे.

आमची दादी हजला आगबोटीने गेली होती. मुंबईहून जेद्दाला जाणारी ही जहाजे १९९५ नंतर बंद झाली. हाजी आता विमानाने जातात आणि चार-पाच तासांत पोहोचतात. दादी सांगायची, निघताना सगळे रडले ते धक्क्यावर नव्हे, बत्ती दिसेनाशी झाली तेव्हा. आणि येताना रात्री कुणीतरी ओरडले, "बत्ती आली!" तेव्हा म्हाताऱ्या बायका चटईवरून उठून कठड्याशी आल्या. दादीने मक्का-मदिनेच्या पुष्कळ गोष्टी सांगितल्या. पण घरी पोहोचल्याचा क्षण कुठला असे विचारले की ती आमचे दार सांगत नसे, प्राँगची बत्ती सांगे.

आता मिनाराकडे येतो. आमच्या गावाच्या खाडीच्या तोंडाशी सरकारी दीपगृह नाही. लहान बंदरांना असा दिवा मिळत नाही. एक लोखंडी खांब आणि त्यावरचा दिवा होता, तो एका पावसाळ्यात पडला आणि अर्ज करूनही पुन्हा उभा राहिला नाही. तोंडाशी वाळूचा दांडा आहे. त्याच्या कडेने बोट जाईल एवढीच खोल वाट. ती वाट आमच्याकडचे तांडेल पिढ्यान्‌पिढ्या दोन खुणांनी धरतात. पुढची खूण म्हणजे पाण्याजवळच्या आमच्या जुन्या मशिदीचा चुन्याने रंगवलेला मिनार. मागची खूण म्हणजे टेकडीवरच्या देवीच्या देवळाचा कळस. मिनार आणि कळस एकावर एक आले की समजायचे, खोल पाण्यात आहोत. मिनार कळसाच्या उजवीकडे सरकलेला दिसला तर आपण डावीकडे गेलो, बोट उजवीकडे घ्यायची. डावीकडे दिसला तर डावीकडे. पुढची खूण जिकडे जाईल तिकडे तिच्या मागे जायचे. मोठ्या बंदरांत याच कामासाठी मुद्दाम दोन मनोरे बांधून त्यांवर दिवे लावतात. आमच्याकडे ते काम एक मशीद आणि एक देऊळ करत होते, आणि दोघांपैकी कुणीही ते ठरवून केलेले नव्हते.

काही वर्षांपूर्वी मशीद नव्याने बांधायचे ठरले. जुनी गळत होती, माणसे वाढली होती. कुवेत, दोहा, दम्मामच्या पोरांनी पैसे पाठवले. नकाशा झाला. त्यात जुना मिनार पाडून रस्त्याच्या बाजूला दोन उंच मिनार होते. जमातीत आनंद होता. एका जुम्म्यानंतर दालदी आणि खारवी तांडेल मिळून आले. मशिदीच्या पायरीशी चपला काढून उभे राहिले. त्यांच्यातला वयस्कर खारवी म्हणाला, "चाचानू, मशीद तुमची हाय, आमी बोलायचा हक नाय. पन ह्यो मिनार पाडलात तर रातचा आमी खाडीत घुसायचा कसा?"

त्यानंतर जमातीच्या तीन बैठका झाल्या. आम्ही तिन्हींना होतो. बोलणे गोड झाले असे सांगणार नाही. एक म्हणाला, मशीद इबादतसाठी आहे, बोटींसाठी नाही. दुसरा म्हणाला, आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, नकाशा त्यात दिसतो, मिनाराची गरज काय? तिसऱ्याने तर आडून सुचवले की देवळाच्या कळसाशी आमच्या मिनाराची जोडी कुणी जुळवली? त्यावर दालद्यांतला एक तरणा तांडेल उठला. तो म्हणाला, मोबाइल भिजतो, बॅटरी संपते, आणि दांडा मोबाइलमध्ये दिसत नाही. दांडा दर पावसाळ्यात हलतो. जोडी कुणी जुळवली ते मला ठाऊक नाही, पण माझा बाप त्याच जोडीवर घरी आला.

इंजिनियराने हिशेब मांडला. मिनार ठेवायचा तर त्याला आतून मजबुती द्यावी लागेल आणि इमारत मागे सरकवावी लागेल. जागा तेवढीच असल्याने आत एक सफ कमी होईल. एक सफ म्हणजे चाळीस माणसे. चाळीस माणसांची नमाजची जागा द्यायची की नाही, असा तो प्रश्न होता, आणि तो खरोखरच प्रश्न होता. जो 'नाही' म्हणत होता तो वाईट माणूस नव्हता. शेवटी आमच्यातल्या सर्वांत वयस्कर बुजुर्गांनी इतकेच विचारले की, या मिनाराचा मूळ अर्थ काय? मौलाना म्हणाले, उजेडाची जागा. त्यावर कुणी भाषण केले नाही. हात वर झाले. थोड्या फरकाने मिनार राहिला.

आज नवी मशीद उभी आहे आणि तिच्यापुढे जुना, जरा बुटका मिनार. रमजानच्या शेवटच्या जुम्म्याला आणि ईदला बाहेर उन्हात बसावे लागलेले लोक त्या एका सफची आठवण काढतात, अजून काढतात. त्यांचे म्हणणे आम्ही ऐकून घेतो. मिनारावर दर्याच्या बाजूला दिवा आहे, मोअज्जिन तो मगरिबला लावतात आणि फजरनंतर बंद करतात. विजेचे बिल जमात भरते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दिवसांत पाऊस उघडला की खारवी आणि दालदी दोघे मिळून मिनाराला रंग देतात आणि देवळाच्या कळसालाही. ती वर्गणी त्यांची.

देशातल्या सुमारे दोनशे दीपगृहांत आता एलईडीचे दिवे आहेत, सौर ऊर्जा आहे. बऱ्याच ठिकाणी वजन ओढायला जागणारा माणूस राहिलेला नाही. १९२७चा दीपगृहांचा कायदा जाऊन २०२१ साली नवा कायदा आला. मोठी जहाजे उपग्रहावर चालतात आणि दीपगृहांवर पर्यटक चढतात. हे चांगलेच आहे. पण मे २०२५ मध्ये जेद्दाजवळ तांबड्या समुद्रात एमएससी अँटोनिया हे भले मोठे कंटेनर जहाज खडकांवर चढले, तेव्हा उपग्रहाच्या इशाऱ्यांत कुणीतरी ढवळाढवळ केली असावी असा संशय जाणकारांनी सांगितला. आमच्या गावची पोरे त्याच समुद्रात नोकरी करतात. त्यांतल्या एकाने सुट्टीवर आल्यावर सांगितले की त्यांच्या कप्तानाने आता पहाऱ्यावरच्या प्रत्येकाला किनाऱ्यावरचे दिवे डोळ्यांनी ओळखून वहीत लिहायला लावले आहे. नाना असते तर त्यांनी त्या कप्तानाला दुआ दिली असती.

आणि आमचा दांडा? तो उत्तरेकडे सरकतो आहे. यंदा तांडेल सांगत होते की मिनार आणि कळस एकावर एक आणून आता भागत नाही. मिनार कळसाच्या किंचित उजवीकडे दिसू द्यावा लागतो, वीतभर. अजून काही वर्षांनी ही रेषा अगदीच निकामी होईल. तेव्हा एक सफ परत मिळवावी, असे कुणीतरी म्हणेलच, आणि पुन्हा बैठक बसेल. त्या बैठकीला तांडेलांनाही बोलवावे, आणि पायरीशी उभे न ठेवता आत बसवावे, एवढे आम्ही आताच जमातीच्या वहीत लिहून ठेवले आहे.